इंटेन्सिफाय : वाढते ते नेमके काय?

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर पुढील चार वाक्ये लिहावीत. ‘द रेन इंटेन्सिफाइड.’ ‘द पेन इंटेन्सिफाइड.’ ‘द पोलीस इंटेन्सिफाइड द सर्च.’ ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इंटेन्सिफाइड.’ पहिली तीन वाक्ये बिनचूक आहेत. चौथ्यातही व्याकरणाची चूक नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, काळही बरोबर आहे. तरीसुद्धा इंग्रजीची सवय असलेला माणूस ते ऐकून थबकतो. विद्यार्थ्यांची संख्या ‘इन्क्रीज’ होते, ती ‘इंटेन्सिफाय’ होत नाही. असे का?

शब्दकोशात पाहिले तर ‘तीव्र होणे, तीव्र करणे, जोर वाढणे’ असे अर्थ मिळतात. विद्यार्थी ते पाठ करतात, आणि ‘वाढणे’ व ‘तीव्र होणे’ यांत काही मोठा फरक नसावा असे समजून पुढे जातात. फरक मात्र फार मोठा आहे. तो व्याकरणाचा नसून भौतिकशास्त्राचा आहे. ‘इन्क्रीज’च्या पोटात एक प्रश्न दडलेला असतो : एकूण किती? ‘इंटेन्सिफाय’च्या पोटात दुसराच प्रश्न असतो : एका ठिकाणी, एका क्षणी किती? हे दोन प्रश्न वेगळे ठेवता आले, की उष्णता आणि तापमान, बल आणि दाब, भूकंपाची महत्ता आणि तीव्रता अशा अनेक जोड्यांतला घोटाळा एकदम सुटतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात, जिथे आपले अनेक विद्यार्थी उद्या यंत्रावर उभे राहणार आहेत, तिथे तर हा फरक हातापायांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

ताणलेली तार

या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘इंटेन्डेरे’ म्हणजे ताणणे. ‘टेन्शन’ हा आपण रोज वापरतो तो शब्द त्याच कुळातला. संस्कृतातील ‘तन्’ हा धातूही याच भाषाकुळातला असून त्यातून आपल्याकडे तंतू, तान आणि ताण हे शब्द आले. तंबोऱ्याची खुंटी पिळली म्हणजे काय होते? घोडी आणि मेरू यांच्यामधली तार लांब होत नाही, तार दोनच्या चार होत नाहीत. वाढतो तो तिच्यातला ताण, आणि म्हणून सूर चढतो. ‘इंटेन्सिफाय’ या क्रियापदाचा सगळा अर्थ या एका चित्रात आहे. वस्तू तेवढीच, तिच्या आतला ताण जास्त.

मध्ययुगीन युरोपातील विद्वान गुण चढण्याला ‘इंटेन्शन’ आणि उतरण्याला ‘रेमिशन’ म्हणत. ‘रेमिशन’ म्हणजे सैल सोडणे. कर्करोगाचा जोर ओसरला की डॉक्टर आजही ‘रेमिशन’ हाच शब्द वापरतात. न्यूटननेही ‘प्रिन्सिपिया’मध्ये गुणांची चढ-उतार सांगताना ही जोडी वापरली आहे.

पण पुढे इंग्रजीतील ‘इंटेन्ड’ या क्रियापदाला ‘हेतू धरणे’ हा अर्थ कायमचा चिकटला आणि ‘तीव्र करणे’ यासाठी सुटसुटीत शब्दच उरला नाही. ही उणीव भरून काढली ती एका कवीने. सॅम्युएल टेलर कोलरिज याने १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथात ‘इंटेन्सिफाय’ हा शब्द वापरला आणि तळटीप देऊन त्याचे समर्थन केले. हा शब्द जॉन्सनच्या कोशात नाही हे त्याने कबूल केले. मात्र न्यूटन वगैरे मंडळी ज्या अर्थाने ‘इंटेन्ड’ म्हणत त्या अर्थाने तो शब्द आता वापरला तर घोटाळा होईल, असे कारणही दिले. म्हणजे आज बातम्यांत क्षणोक्षणी ऐकू येणारे हे क्रियापद जेमतेम दोनशे वर्षांचे आहे.

ओरेमचा आयत

चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम नावाचा विद्वान होऊन गेला. तीव्रता कशी दाखवावी या प्रश्नाला त्याने चित्राने उत्तर दिले. समजा, एक सळई तापलेली आहे. तिची लांबी दाखवणारी एक आडवी रेघ काढावी. सळईच्या प्रत्येक बिंदूवर ती किती तापली आहे, हे त्या बिंदूवरच्या उभ्या रेघेच्या उंचीने दाखवावे. सळई सर्वत्र सारखीच तापलेली असेल तर आयत तयार होतो. त्याचा पाया म्हणजे विस्तार, उंची म्हणजे तीव्रता आणि क्षेत्रफळ म्हणजे त्या गुणाची एकूण राशी. आपण आज जो आलेख काढतो त्याच्या पूर्वजांपैकी हा एक.

आता तितकीच तापलेली, तेवढीच दुसरी सळई पहिलीला टोकाला टोक लावून ठेवली तर काय होईल? पाया दुप्पट होईल, क्षेत्रफळ दुप्पट होईल, पण उंची आहे तेवढीच राहील. आजच्या भाषेत, उष्णता दुप्पट पण तापमान तेच. राशींची बेरीज होते, पण शेजारी शेजारी ठेवलेल्या वस्तूंच्या तीव्रतेची बेरीज होत नाही. ४० अंशांचे एक लिटर पाणी ४० अंशांच्या दुसऱ्या लिटरमध्ये ओतले तर ८० अंशांचे होत नाही, हे सातवीतला मुलगाही सांगेल. कारण मात्र त्याला ओरेमचा आयत काढल्यावर दिसते.

आपल्या स्वयंपाकघरात यासाठी एक नेमके क्रियापद आहे : आटवणे. दोन लिटर दूध आटवून एक लिटर केले तर त्यातली दुग्धशर्करा वाढलेली नसते. जी होती तीच आहे. पाणी तेवढे उडून गेले. तरी वाटीभर बासुंदी वाटीभर दुधापेक्षा गोड लागते, कारण तीच शर्करा अर्ध्या जागेत आली. आयताचे क्षेत्रफळ कायम राहिले, पाया निम्मा झाला, म्हणून उंची दुप्पट झाली. ‘द बॉइलिंग इंटेन्सिफाइड द फ्लेव्हर’ हे वाक्य म्हणूनच बरोबर आहे. आणि बासुंदीच्या दोन वाट्या एका पातेल्यात ओतल्या तर ती दुप्पट दाट होत नाही, हेही कुणाला सांगावे लागत नाही.

फळ्यावरच्या चौथ्या वाक्याचा उलगडाही येथेच होतो. चाळीस मुलांचे दोन वर्ग दोन खोल्यांत बसले तर एकूण संख्या ८०, पण कोणत्याही खोलीतली दाटी तेवढीच. तीच ८० मुले एका खोलीत बसवली तर संख्या बदलत नाही, दाटी दुप्पट होते. संख्या हे आयताचे क्षेत्रफळ आहे, दाटी ही त्याची उंची. ‘इंटेन्सिफाय’ होऊ शकते ती उंची.

कारखान्यातला इंटेन्सिफायर

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर आकुर्डी, चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण असा वाहन उद्योगाचा पट्टा पसरत गेला. या पट्ट्यातल्या कामगाराला ‘इंटेन्सिफायर’ हा शब्द शब्दकोशातून शिकावा लागत नाही. त्या नावाचे उपकरणच त्याच्या यंत्रावर बसवलेले असते.

पाण्याच्या झोताने पत्रा कापणारे यंत्र घ्या. त्याच्या पंपात एकाच दांड्याला जोडलेले दोन दट्टे असतात, एक मोठा आणि एक लहान. मोठ्या दट्ट्याचे क्षेत्रफळ लहान दट्ट्याच्या २० पट आहे असे धरू. मोठ्या दट्ट्यावर २०० बार दाबाचे तेल सोडले, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट. दांडा एकच असल्यामुळे मोठ्या दट्ट्यावरचे बल जसेच्या तसे लहान दट्ट्याकडे जाते. तेच बल विसाव्या हिश्शाच्या क्षेत्रफळावर पडल्यामुळे लहान बाजूच्या पाण्याचा दाब ४,००० बार होतो. हे पाणी केसाएवढ्या बारीक छिद्रातून बाहेर पडते तेव्हा त्याचा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून जास्त असतो. त्यात गार्नेट नावाच्या कठीण खनिजाची पूड मिसळली की तो झोत पोलाद कापतो.

मग दाब फुकट वाढला काय? नाही. मोठ्या बाजूला २० लिटर तेल घालावे तेव्हा लहान बाजूने १ लिटर पाणी निघते. २०० गुणिले २० आणि ४,००० गुणिले १ यांचे उत्तर एकच. दाब गुणिले आकारमान म्हणजे कार्य, आणि कार्य तेवढेच राहिले. व्यवहारात घर्षणामुळे ते थोडे कमीच होते. पाया आकारमानाचा, उंची दाबाची. हा ओरेमचाच आयत आहे.

येथे शिक्षकांनी एक तुलना जरूर करावी. पाठ्यपुस्तकात पास्कलच्या नियमाबरोबर येणाऱ्या द्रवचलित जॅकमध्ये दाब दोन्हीकडे सारखा असतो आणि बल वाढते. इंटेन्सिफायरमध्ये बल दोन्हीकडे सारखे असते आणि दाब वाढतो. दोन्हींत दोनच दट्टे आहेत, पण एकात बल ‘इन्क्रीज’ होते, दुसऱ्यात दाब ‘इंटेन्सिफाय’ होतो.

ॲल्युमिनियमच्या प्रेशर डाय-कास्टिंगमध्येही हा शब्द येतो. इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे सांगाडे याच पद्धतीने ओततात. वितळलेला धातू प्रथम सावकाश पुढे सरकवतात, मग सेकंदाच्या छोट्याशा अंशात साच्यात भरतात, आणि साचा भरल्याबरोबर धातूवरचा दाब एकदम चढवतात. या तिसऱ्या टप्प्याचे नाव ‘इंटेन्सिफिकेशन’. ॲल्युमिनियम थिजताना आकारमानाने सुमारे सहा टक्के आक्रसते. तिसऱ्या टप्प्यात दाब कमी पडला किंवा उशिरा आला तर आत पोकळ्या राहतात आणि यंत्रकाम करताना त्या उघड्या पडतात. या टप्प्यात साच्यात जाणारा धातू अगदी थोडा असतो, कारण साचा आधीच भरलेला आहे. ‘किती धातू’ हा प्रश्न संपलेला आहे, ‘किती दाबाने’ हा उरलेला आहे.

गीझर आणि लेझर

आणखी एक उदाहरण विद्यार्थ्यांना चटकन पटते. घरातला साधा गीझर २,००० वॅटचा असतो. तो अंघोळीचे पाणी तापवतो. भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यातला पत्रा कापणारा लेझरही २,००० वॅटचा असू शकतो. तो पोलाद वितळवतो. शक्ती दोन्हींची सारखी, मग फरक कुठे आहे?

लेझरचा झोत ०.२ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर एकवटला आहे असे धरा. ठिपक्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३ चौरस मिलिमीटर भरते. २,००० वॅट तेवढ्या जागेत म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६,४०० कोटी वॅट. भर दुपारच्या स्वच्छ उन्हाची तीव्रता दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट असते. त्या मानाने हा ठिपका सुमारे ६.४ कोटी पट प्रखर झाला. वॅटच्या आकड्याला गीझर आणि लेझर यांतला फरक कळत नाही, कारण तो आकडा एकूण किती हेच सांगतो. पोलादाला तो कळतो.

दिसायला लहान, म्हणून फसवे

हा फरक का शिकवायचा, याचे सर्वांत महत्त्वाचे कारण येथे येते. आपली नजर राशी मोजते. मोठी वस्तू, भरपूर पाणी, उंच ज्वाळा दिसल्या की आपण सावध होतो. तीव्रता मात्र बहुधा लहान जागेत असते आणि नजरेला क्षुल्लक वाटते.

द्रवचलित यंत्राच्या रबरी नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले आहे अशी कल्पना करा. गळणारे तेल थोडेसेच असते, कधी कधी नुसते धुके दिसते. कुठून गळते ते पाहण्यासाठी हात फिरवावा असे कोणालाही वाटेल. पण नळीत दाब शेकडो बारचा असतो. असा बारीक झोत हातमोजा आणि कातडी भेदून तेल आत घुसवू शकतो. बाहेरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र तेल स्नायू आणि कंडरा यांच्या फटींतून पसरत जाते. अशा जखमेवर तातडीने शस्त्रक्रिया लागते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून नियम असा की गळती हाताने कधीही शोधू नये. यंत्र बंद करून दाब उतरवावा, आणि दाब असताना तपासणे भागच असेल तर लांबून पुठ्ठा धरून पाहावे. आणि असा झोत लागलाच, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच घटकेला रुग्णालयात जावे आणि कोणत्या यंत्राचे, किती दाबाचे तेल होते ते डॉक्टरांना सांगावे.

‘थोडेसेच तर आहे’ हे वाक्य ‘इन्क्रीज’च्या प्रश्नाचे उत्तर आहे. हाताला विचारायचा प्रश्न ‘इंटेन्सिफाय’चा होता.

काळात एकवटणे

तीव्रता जागेप्रमाणेच वेळातही एकवटते. पावसाचेच पाहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस संथपणे पडला तर तासाला सरासरी चार लिटरच्या आसपास पाणी येते. जमीन ते मुरवते, गटारे वाहून नेतात. हाच पाऊस एका तासात, वीस-तीस चौरस किलोमीटरच्या परिसरात पडला तर भारतीय हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. पाणी तेवढेच, पण पाया चोवीस तासांचा एका तासावर आला आणि उंची चोवीसपट झाली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला, हे त्या हाहाकाराचे एक मुख्य कारण. म्हणून गटाराची रुंदी ठरवणारा अभियंता वर्षाचा एकूण पाऊस विचारत नाही, तो तासाचा पाऊस विचारतो.

दुसरी तऱ्हा : बाहेरून भर

आतापर्यंतच्या उदाहरणांत राशी कायम होती आणि पाया आकुंचला. पण ‘इंटेन्सिफाय’ होण्याची आणखी एक तऱ्हा आहे. पाया तेवढाच राहून बाहेरून भर पडली तरीही उंची वाढते. एका पुस्तकावर एक दिवा होता, त्याच पानावर दुसराही तसाच दिवा आणला तर पानावरचा प्रकाश दुप्पट प्रखर होतो. तोच दिवा शेजारच्या पुस्तकावर धरला तर दोन्ही पानांवर प्रखरता सारखीच राहते.

चक्रीवादळ या दुसऱ्या तऱ्हेने तीव्र होते. उबदार समुद्रावरून उठलेल्या वाफेचे ढग बनताना जी उष्णता बाहेर पडते, तिच्यावर ते पोसते. हवामान विभाग या वादळांची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून करतो. ताशी ६२ ते ८८ किलोमीटर वाऱ्याचे ते चक्रीवादळ, ८९ ते ११७ किलोमीटरचे ते तीव्र चक्रीवादळ. ‘निसर्ग’ हे वादळ २ जून २०२० रोजी अरबी समुद्रात चक्रीवादळ झाले, ३ जूनला तीव्र चक्रीवादळ झाले आणि त्याच दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. तिथून ते पुणे जिल्ह्याकडे सरकले आणि मावळ, खेड भागातही त्याने नुकसान केले. अशा वेळी हवामानाच्या पत्रकात ‘इंटेन्सिफाइड’ हा शब्द येतो आणि जमिनीवर आल्यानंतर त्याचा विरुद्ध शब्द ‘वीकन्ड’ येतो, कारण वाफेचा पुरवठा तुटलेला असतो. लक्षात घ्यावे की हा शब्द वादळाच्या आकाराविषयी काहीच सांगत नाही. आकाराने लहान वादळ फार तीव्र असू शकते आणि अवाढव्य पसरलेले वादळ सौम्य असू शकते.

म्हणून ‘इंटेन्सिफाय’ दिसले की दोन उपप्रश्न विचारावेत. पाया आकुंचला, की बाहेरून भर पडली? आणि भर पडली असेल तर ती कुठून?

भूकंपातील घोटाळा

मराठी बातम्यांत ‘भूकंपाची तीव्रता रिश्टर मापकावर अमुक इतकी होती’ असे वाक्य नेहमी येते. रिश्टरच्या पद्धतीने मोजली जाते ती महत्ता. ती त्या भूकंपाला एकच असते, कारण ती उगमापाशी किती मोठी घटना घडली हे सांगते. तीव्रता गावागावाला वेगळी असते. एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली, घरांचे काय झाले यावरून ती एक ते बाराच्या श्रेणीत ठरवतात. महत्ता म्हणजे दिव्याचे वॅट, तीव्रता म्हणजे आपल्या पानावर पडलेला उजेड. पान दिव्यापासून लांब नेले तर उजेड कमी होतो, दिव्याचे वॅट बदलत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी येथे झालेल्या भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ होती. जगात दरवर्षी एवढ्या महत्तेचे अनेक भूकंप होतात आणि बरेचसे कोणाच्या लक्षातही येत नाहीत. किल्लारीत हजारो माणसे गेली, कारण भूकंपाचा उगम फार खोल नव्हता, तो गावांच्या अगदी जवळ होता, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींची, जड धाब्याची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. महत्तेला तीव्रता म्हटले की ‘किल्लारीत एवढी हानी का झाली?’ हा प्रश्नच पुसला जातो. महत्ता माणसाच्या हातात नाही. तीव्रता सोसणारे घर बांधणे त्याच्या हातात आहे.

इंग्रजीतील शेजारी, मराठीतील सोयरे

आता वापराकडे वळू. ‘इंटेन्सिफाय’ हे सकर्मक आणि अकर्मक दोन्ही प्रकारे चालते. पाऊस स्वतः तीव्र होतो, पोलीस शोध तीव्र करतात. वेदना, उष्णता, थंडी, रंग, चव, स्पर्धा, लढाई, शोध, प्रयत्न, संशय यांच्याबरोबर ते शोभते. किंमत, संख्या, पगार, उंची, वजन यांच्याबरोबर शोभत नाही. तिथे ‘इन्क्रीज’ किंवा ‘राइज’ हवे. ‘एन्हान्स’ म्हणजे गुणवत्ता किंवा मोल वाढवणे. त्यात कौतुक असते. ‘ॲग्रव्हेट’ म्हणजे वाईट गोष्ट आणखी बिघडवणे. ‘इंटेन्सिफाय’ यात कौतुक नाही आणि दोषही नाही. आनंद आणि दुःख दोन्ही ‘इंटेन्सिफाय’ होतात. ‘ॲम्प्लिफाय’ म्हणजे लहान संकेताची तशीच मोठी प्रत बनवणे, जसे ध्वनिवर्धकात होते.

याच कुळातल्या ‘इंटेन्सिव्ह’ या विशेषणाचे मराठी पर्याय पाहिले तर तोच आयत दिसतो. अतिदक्षता विभागात दक्षता मोजक्या खाटांवर एकवटलेली असते. सघन शेतीत खत, पाणी आणि मेहनत थोड्या जमिनीवर एकवटतात. श्रमप्रधान उद्योगात उत्पादनाच्या मानाने श्रमांचा वाटा मोठा असतो. त्यासाठी इंग्रजीत ‘लेबर-इंटेन्सिव्ह’ म्हणतात.

मराठीत ‘इंटेन्सिफाय’साठी एकच शब्द शोधत बसण्याची गरज नाही. आपली भाषा कशात वाढ झाली हे पाहून क्रियापद निवडते. पाऊस जोर धरतो, दुखणे बळावते, आग भडकते, ऊन तापते, रंग गडद होतो, भूक खवळते, भांडण चिघळते, दूध आटते. अनुवाद करताना सगळीकडे ‘तीव्र झाले’ असे लिहिणे सोपे आहे, पण त्यात भाषेचा कसच उतरतो.

इंग्रजी व्याकरणात ‘व्हेरी’सारख्या शब्दांनाही ‘इंटेन्सिफायर’ म्हणतात. इंग्रजीत एकच ‘व्हेरी’ सगळीकडे चालतो. मराठीत प्रत्येक गुणाचा इंटेन्सिफायर निराळा : लालभडक, पिवळाधमक, हिरवागार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, कडूजहर, आंबटढाण, गोडमिट्ट. यांपैकी एकही शब्द संख्येला लागत नाही. ‘चाळीसभडक मुले’ असे कोणी म्हणत नाही. भाषेने हा नियम भौतिकशास्त्र शिकण्यापूर्वीच पाळलेला आहे.

वर्गात करण्यासारखे

पहिला प्रयोग भिंगाचा. ६ सेंटिमीटर व्यासाचे बहिर्वक्र भिंग भर उन्हात धरले तर त्यावर जेमतेम तीन वॅट शक्ती पडते. कागदावर ६ मिलिमीटरचा ठिपका पाडला तर प्रखरता मूळच्या सुमारे १०० पट होते, २ मिलिमीटरचा पाडला तर सुमारे ९०० पट. कागद कधी करपतो ते विद्यार्थ्यांनी नोंदवावे. भिंगातून सूर्याकडे कोणीही पाहणार नाही याची खबरदारी शिक्षकांनी घ्यावी आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी.

दुसरा उपक्रम वर्तमानपत्राचा. आठवडाभराच्या अंकांतून ‘वाढले’ आणि ‘तीव्र झाले’ असलेली वाक्ये कापून आणावीत. प्रत्येक वाक्यासाठी ओरेमचा आयत काढावा. पाया कशाचा, उंची कशाची, क्षेत्रफळ कशाचे? ज्या वाक्यात पाया सापडत नाही, ते वाक्य लिहिणाऱ्याला नेमके काय म्हणायचे होते यावर चर्चा करावी.

तिसरा उपक्रम परिसराचा. ज्या विद्यार्थ्यांच्या घरचे कोणी कारखान्यात काम करतात, त्यांनी घरी विचारून यावे : तुमच्या यंत्रावर दाबाचा काटा कुठे आहे, तो किती दाखवतो, आणि गळती झाली तर तुम्ही ती कशी शोधता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हाताने’ असे आले, तर पुठ्ठ्याची गोष्ट त्या संध्याकाळी घरी सांगायला विद्यार्थ्याला आवर्जून सांगावे.